बकरीच्या मालकाले इचारून सांगतो

मी अंगनात तूर झोडत होतो. म्हनजे हातात काठी होती अन् पुढं तूर होती, पन कान सारा भिताडापलीकडं होता. तिकडं आमचे शेजारी रंगराव अन् त्याईची बायको केसरबाई यायचं सकायपासून जुंपलं होतं.

"माह्या पाटल्या घेऊन देता का नाई, तेवढं सांगा," केसरबाई म्हने.

"अवं, सोन्याले आता हात लावते का कोनी? सरकारनं कायदा केला. बावीस क्यारटचं सोनं बंद, चौदाचं घाला म्हनते. चौदाच्या पाटल्या घालशीन तर हात काळे पडतीन."

"पडू द्या. हात माहे हायेत."

आता ह्या पाटल्यायची गोष्ट साऱ्या गावाले माहीत होती. आमचं गाव पिंपळगाव राजापासून दोन कोसावर. गावात किराना दुकान एक, वामनरावचं. त्या वामनरावचा साळा मुंबईले गिरनीत कारकून. तीन सालाखाली वामनरावनं रंगरावच्या डोक्यात भरवलं का कापूस पेरून कोनी मोठा झाला नाई, कापसाच्या गिरनीचा शेअर घेतला का मानूस मोठा होते. रंगरावनं बायकोच्या माहेरच्या चार तोळ्याच्या पाटल्या वामनरावले देल्या अन् त्याच्याजवळून मुंबईच्या एका गिरनीचे शेअर घेतले. कागद भारी होता. वरतं धुराड्याचं चित्र होतं. रंगरावनं खामगावले जाऊन त्याले काच लावून आनली अन् बालाजीच्या फोटोजवळ टांगला. आमी पाह्याले गेलो तर बोट दाखवून म्हने, "जानराव, ह्या धुराड्यातली एखादी वीट तरी आपली हाय बे."

मले त्या वक्ती खरंच त्याचा हेवा वाटला. खोटं काऊन बोलू?

मंग चीनची लढाई झाली. वामनरावच्या दुकानात पेपर एक दिवस शिळा येई. रंगराव रोज जाऊन भाव वाचे अन् तोंड पाडून घरी येई. तिकडं गिरनीचा भाव पडत जाय, अन् इकडं पाटल्या वामनरावच्या बायकोच्या हातात झळकत. शालूबाई काई वाईट बाई नव्हती, पन संक्रांतीच्या हळदीकुंकवाले तिनं हात पुढं केला का केसरबाईले आपल्याच पाटल्या दिसत. माही बायको जनकाबाई मले सांगे, "कुंकू लावून घेतांना केसरबाई डोये मिटून घेते."

शेवटी रंगरावनं काच काढली, कागद इकून टाकला. सहाशाचे तीनशे आले. केसरबाई म्हने पाटल्या, रंगराव म्हने अर्ध्या पैशात अर्ध्या पाटल्या येतीन, तर त्या कोन्त्या हाताले घालशीन? अन् त्यायनं साऱ्या गावाचा सल्ला घेनं सुरू केलं का पैसा कुठी घालावा. वामनराव म्हने पोस्टाचे सर्टिफिकीट घे. रंगराव म्हने, "आता कागद म्हनून नाई." मास्तर म्हने खामगावले टेशनाजवळ प्लाट घे. रंगराव म्हने, "प्लाट पिल्लं देते का?" पुंजाजी म्हने चिंचेचे झाडं घे, हात न लावता दर साली चिंचा देते. तर त्याले उत्तर भेटलं का चिंचेच्या झाडाखाली भूत राह्यते, अन् भागीदारी आपल्याले नोको.

आता तो भिताडापलीकडून बायकोले शेवटचा निकाल सांगून राह्यला होता.

"जित्तं काई पाह्यजे. जे वाढते, पिल्लं देते, दूध देते अन् ज्याचा भाव मुंबईले ठरत नाई. म्या इचार पक्का केला. बकऱ्या."

केसरबाईनं परत इचारलं,

"बकऱ्या?"

"हाव. बकऱ्या."

"कुठून घेसान?"

"गावातूनच. बाजारची बकरी खोटी राह्यते. डोयासमोर वाढलेली पाह्यजे."

"घ्या मंग," केसरबाई म्हने.

एवढं भांडन अन् असं पटकन मिटलं, माह्या हातची काठीच गळून पडली. म्या मनात म्हनलं, बिचारीनं हाय खाल्ली.

घडीभरात रंगराव माह्या अंगनात. नाकाले उपरनं लावलं होतं. त्याले बकरीचा वासच चालत नसे, डोकं दुखे. आयुष्यात कधी त्यायनं दारात बकरी बांधू देली नव्हती. पन आता नाक दाबून त्यायनं आमची ढवळी पाह्यली, दात पाह्यले, कास पाह्यली अन् म्हने, "जानराव, बोल. हिचे किती?"

मी तोंड उघडनार तेवढ्यात चुलीपासून जनकाबाई पिठाच्या हातानं भाईर आली.

"बकरीच्या मालकाले इचारून सांगतो," ती म्हने.

म्या इकडं पाह्यलं, तिकडं पाह्यलं. मालक तर मी अठी उभा होतो. रंगराव "बरं" म्हनून गेला अन् म्या जनकाबाईले धरलं.

"काय वं, कोन मालक?"

"बकरी बटईची हाय."

तुमाले बटई माहीत असन. वावर दुसऱ्याचं, मेहनत आपली, पीक अर्धं अर्धं. मानसं वावराची बटई करते, बाया बकरीची करते. मालकीन पाठ, म्हनजे बकरीची लहान पोरगी, दुसरीच्या घरी पाळाले देते. दूध पाळनारीचं. पिल्लं झाले तर पयलं मालकिनीचं, दुसरं पाळनारीचं. मूळ बकरी मालकिनीचीच राह्यते. ह्याले ना कागद, ना साक्षीदार, ना नवऱ्याले इचारनं.

"कोनाची हाय पन?"

"केसरबाईची."

"अवं, पाच साल झाले मी ह्या बकरीच्या पाल्यासाठी निंबावर चढून राह्यलो! आपली समजून!"

"अन् दूध कोन पेऊन राह्यलं होतं?"

मी काठी उचलून परत तूर झोडू लागलो.

मंग तिनं सारं सांगतलं. पाच सालाखाली केसरबाईच्या भावानं तिले एक पाठ देली. नवऱ्याले वास चालत नाई, म्हनून तिनं ती आमच्या घरी ठेवली. तिची पिल्लं पुंजाजीच्या घरी, त्यायची पिल्लं सिंधूताईच्या घरी. करता करता सात घरी मिळून केसरबाईच्या एकोनीस बकऱ्या. कोनत्या घरी कोनती गाभन हाय, कोनतीनं किती पिल्लं देले, सारं तिच्या तोंडपाठ. सात घरच्या बायाईले माहीत होतं अन् सात घरच्या मानसाईले पत्ता नव्हता. गावात सगळ्यात मोठी मालदार आमच्या भिताडापलीकडं भाकरी थापत होती अन् तिचा नवरा गावभर सल्ला मागत फिरून राह्यला होता.

"रंगरावले सांगान तर भाकर बंद," जनकाबाई म्हने. मले भाकर पाह्यजे होती.

आता सौदा कसा झाला तो आयका. दुपारी रंगराव जेवाले बसला अन् बायकोले म्हने, "मी जानरावले तीस म्हनतो. पन बकरी भारी हाय. पस्तीसलोक जाईन, त्याच्यावर एक पैसा नाई." केसरबाईनं भाजी वाढली, ठेचा वाढला. तो आडवा झाल्यावर ती भिताडापाशी आली, जनकाबाईले ताक मागतलं अन् हळूच म्हने, "पस्तीस."

दिवस कलला तसा रंगराव आला. म्हने, "तीस देतो."

"मालक पस्तीस म्हनते," जनकाबाई म्हने.

रंगरावनं मांडीवर थाप मारली. "घ्या! माह्या मनातलाच आकडा!"

दुसऱ्या दिवशी पुंजाजीची भुरी. जेवतांना रंगराव म्हने चाळीसच्या वर जानार नाई. संध्याकायी मालक चाळीस म्हने. तिसऱ्या दिवशी सिंधूताईच्या दोन बकऱ्या. रंगरावनं घरात सांगतलं का पंच्याऐंशीत दोन्ही आल्या तर सोडाच्या नाई, अन् मालकानं नेमके पंच्याऐंशीच मागतले. रंगराव मले बाजूले घेऊन गेला.

"जानराव, हा मालक कोन हाय बे? मनातलं ओयखते. पिंपळगावचा मोठा व्यापारी असन."

"मोठाच हाय," म्या म्हनलं.

"मले एकदा भेटव ना."

"तो कोनाले भेटत नाई. घरीच राह्यते."

"असेच लोक खरे मालदार राह्यते," रंगराव म्हने. "नाई तर आपला वामनराव. घडीभर चूप बसत नाई." म्या खाकरत खाकरत तोंड फिरवलं, कारन हसू काई थांबत नव्हतं.

सात बकऱ्या झाल्या अन् पैसा सरला. अंगनात दावन बांधली. पयल्याच दिवशी भुरीनं भाव छापलेला पेपर खाऊन टाकला, तर रंगराव म्हने बरं झालं, आता त्याची गरज नाई.

पन गावाले पाहा काय झालं. तीन साल रोज पेपर वाचनारा मानूस मुंबईचा शेअर सोडून बकऱ्या घेते, म्हनजे त्याले काई तरी अंदर की बात माहीत असन. पुंजाजीच्या भावानं दोन घेतल्या. मास्तरनं प्लाटाचा नाद सोडून तीन घेतल्या. ज्याच्या दारी जा, त्या घरची बाई म्हने, मालकाले इचारून सांगतो. अन् मालक रोज दोन दोन रुपये चढवून राह्यला होता. पस्तीसची बकरी शिमग्याले पन्नास, अन् गुढीपाडव्याले सत्तर. वामनरावच्या दुकानापुढं लोक बसून एकमेकाले इचारत, "आज काय निघाली?" रंगराव मधात बसे, पाय हालवत. म्हने, "मी तर पयलेच सांगत होतो." त्याच्या सात बकऱ्याईची किंमत पाचशाच्या घरात गेली होती. म्या म्हनलं, इकून टाक ना मंग. तर मले म्हने, "येडा हाय का? आता तर शंभरलोक जाते."

केसरबाई त्याच वक्ती इकून राह्यली होती. एक एक करून. पयल्या दिवशी जनकाबाईनं तिले इचारलं का बाई, अजून चढू द्या ना, तर ती म्हने, "पुढं उन्हाळा हाय. पाला कुठून आनसान?" बस, एवढंच.

तिच्याजवळ पाच राह्यल्या. साऱ्यात चांगल्या, पाचही गाभन. अन् आता गावात इकाऊ बकरी दुसरी नव्हती. वामनरावचा जीव खालीवर होऊन राह्यला होता. त्याच्याच दुकानापुढं सारा बाजार भरे अन् त्याच्याच दारी एकबी बकरी नाई. त्यात एक गोष्ट उठली का सरकारचे लोक खामगावले आले हायेत, घरोघरी जाऊन बायाईच्या हातातलं सोनं मोजनार हायेत. ही गोष्ट कोनी उठवली मले माहीत नाई. माहीत हाय, पन सांगत नाई. भाकर खा लागते.

वामनराव घामाघूम होऊन सिंधूताईच्या दारी गेला. सिंधूताई गावची सुईन, बोलाले पक्की.

"सिंधूताई, तुह्या त्या मालकाले इचार. पाच बकऱ्या मले पाह्यजे. रोख कमी हाय. पन चार तोळ्याच्या पाटल्या हायेत, पुरान्या, बावीसच्या. घेते का म्हना."

सिंधूताई धापा टाकत आली तवा केसरबाई जात्यावर जवारी दळत होती, जनकाबाई समोर बसली होती. जातं थांबलं. जनकाबाई सांगते का केसरबाईनं पदरानं डोये पुसले अन् म्हने, "हाव म्हना. वरून शंभराची नोटबी देतो म्हना. पन आजच."

तिचे बकऱ्याईचे पैसे जवारीच्या कनगीत होते. त्यातून तिनं नोट काढली.

साबनाचं पानी लावून पाटल्या उतरवतांना शालूबाई रडली. वामनरावले बोलली, "बकऱ्याईसाठी बायकोचा हात रिकामा करता? रंगराववर हसत होते ना?" मले तिचीबी दया आली. पन पाटल्या ज्याच्या होत्या त्याच्या घरी गेल्या, तर रडाव तरी किती.

पाटल्या कनगीत गेल्या, जवारीच्या तळाशी. जनकाबाई इचारे, "घालत काऊन नाई?" केसरबाई म्हने, "घालीन. त्याईच्या तोंडून आयकाचं हाय एकदा."

काय आयकाचं हाय ते मले त्या वक्ती समजलं नाई.

उन्हाळा कसाबसा निघाला. रंगरावनं पैसे देऊन पाला आनला, कडबा आनला, बकऱ्या वाळून निम्म्या झाल्या. मृगाची पेरनी झाली, सरकी उगवली, जवारी उगवली, सारं शिवार हिरवं. अन् खरा तमाशा तवा सुरू झाला. मानसाईनं बकऱ्या घेतल्या खऱ्या, पन बकरी चारते कोन हे कोनाच्या ध्यानातच आलं नव्हतं. बाया निंदाले जातांना बकरीले दोर लावून संग नेत, वावराच्या धुऱ्यावर बांधत, येतांना पाला आनत. बकरी म्हनजे एवढंच काम, असं आमाले वाटे. आता बाया म्हनत, "तुमी घेतल्या, तुमी चारा."

मानसं चारतीन कशे? सकायी सोडून देत अन् दुकानापुढं बसत. वामनरावच्या बकऱ्याईनं रंगरावची सरकी खाल्ली. रंगरावच्या बकऱ्याईनं मास्तरची जवारी खाल्ली. मास्तरच्या तिघींनी पुंजाजीच्या वावरात जाऊन काई ठेवलंच नाई. रोज भांडन, रोज पंचायत. ग्रामपंचायतीचा कोंडवाडा एवढा भरला का शिपाई भाईर उभा राहून पावत्या फाडे. आज सोडवून आनली तर उद्या परत अंदर. साऱ्याईनं एकाच आठवड्यात बकऱ्या इकाले काढल्या अन् घेनारा गावात एकबी नाई. सत्तरची बकरी तीसवर आली, तीसची पंधरावर. मास्तरनं तर एक फुकट देऊ केली, कोनी घेतली नाई.

त्या दिवशी रंगराव चौथ्यांदा कोंडवाड्यातून आला. गुडघ्यालोक चिखल, हातात सात दोर, सात बकऱ्या सात दिशेले वढून राह्यल्या. उपरनं नाकाले लावाचंबी त्याले भान नव्हतं. अंगनात येऊन तो मट्‌कन खाली बसला. मी भिताडावरून उडी मारून गेलो. जनकाबाई भिताडावरूनच पाहत राह्यली.

"जानराव," तो म्हने, "कागद पडला तरी खाले काई मागत नव्हता बे. भिताडाले गुमान टांगून राहे."

म्या त्याच्या पाठीवर हात ठेवला. हसाव का रडाव समजत नव्हतं.

"मी येडा हाओ," रंगराव म्हने. "तीन साल त्या माउलीनं एकच गोष्ट मागतली. म्या धुराडं घेतलं, बकऱ्या घेतल्या. तिच्या पाटल्या सोडून सारं घेतलं. माह्याजवळ आता काई असतं ना, तर पयले तिच्या पाटल्या आनल्या असत्या."

घरातून केसरबाई भाईर आली. पान्याचा तांब्या तिनं त्याच्यापुढं ठेवला. ठेवतांना खळ्‌कन आवाज झाला.

रंगरावनं तांब्याकडं पाह्यलं नाई. हाताकडं पाह्यलं.

"ह्या तर शालूबाईच्या."

"माह्या हायेत."

"कोनं देल्या?"

"बकऱ्याईच्या मालकानं."

मी आभाळाकडं पाहू लागलो. आभाळात काई नव्हतं. रंगराव घडीभर माह्या तोंडाकडं पाहे, घडीभर जनकाबाईकडं, अन् मंग बायकोकडं पाहत राह्यला. त्याच्या डोक्यात एक एक सौदा फिरून राह्यला असन.

"पस्तीस," तो हळूच म्हने. "ते म्या तुले जेवतांना सांगतलं होतं."

"हाव."

"अन् पंच्याऐंशी."

"तेबी. त्या दिवशी वांग्याची भाजी होती."

मले वाटलं आता हा तांब्या भिरकावते. पन रंगरावनं तांब्या उचलला, घटाघट पानी पेला, मिशा पुसल्या अन् असा हसला का बकऱ्या दचकल्या. हसता हसता डोयातून पानी येऊन राह्यलं होतं. त्यायनं बायकोचा हात धरून पाटल्या फिरवून पाह्यल्या, माह्यासमोर, दिवसाढवळ्या. जनकाबाईनं लाजून तोंड फिरवलं.

मंग तो म्हने, "केसर, तू मालकीन. तूच सांग. ह्या साती जनीचं मी काय करू?"

"मले द्या. बटईनं."

"म्हनजे?"

"म्हनजे पाळनारी मी. दूध माहं. पिल्लाईत अर्धा वाटा माहा, पयलं पिल्लू माहं. तुमी मालक, तुमी फक्त नाक दाबून बसा."

"पयलं पिल्लू तर मालकाचं पाह्यजे ना?" रंगराव म्हने. आता कुठी त्याच्यात जीव आला होता.

"भाव पडलेला हाय. पडत्या भावात पाळनारीचं चालते."

रंगरावनं माह्याकडं पाह्यलं. म्या मान हालवली. त्यायनंबी हालवली.

"बरं बाप्पा, कबूल. पन एक कर. मास्तरले बोलावून सारं कागदावर..."

"कागदाचं नाव काढसान तर बटई मोडली," केसरबाई म्हने अन् हात पुढं केला.

रंगरावनं गुमान साती दोर तिच्या हाती देले.